व्यत्ययाचा रकाना

"म्याडम, आत्ता ह्ये बोललं त्ये पन धरायचं का?"

इंदुबाई सरगरांनी पुस्तकातून मान वर करून मला विचारले. 'हे' म्हणजे बिरू हाके, वय वर्षे साडेचार. नुकताच तो उठून उभा राहिला होता आणि चित्रातल्या नदीवर तळहात ठेवून त्याने विचारले होते, "येवढं पानी कुनी सोडलं?"

"धरायचं," मी म्हणाले आणि रेघ मारली. एकविसावी.

"बरं." त्यांनी मान डोलावली, आणि मग तक्त्याला जणू काही अस्तित्वच नसावे अशा थाटात त्या बिरूकडे वळल्या. "कुनी सोडलं आसंल रं? तूच सांग."

माळेवस्तीची अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे ओटा आणि ओट्यापुढे माणदेशाचे माळरान. आत सतरा मुले, मदतनीस भामाबाई, चुलीवरची खिचडी आणि भिंतीशी एक निळी पत्र्याची पेटी. पेटीत साठ पुस्तके. वस्तीवर कोणाच्याही घरात नव्हती तेवढी, किंबहुना कोणाच्याही घरात एकही नव्हते. खुर्ची एकच होती. ती मला दिलेली होती.

मी कोण, हे सांगायला हवे. मी भाषाविज्ञानाची प्राध्यापक. मुले बोलायला कशी शिकतात या विषयावर मी तोवर दोन पुस्तके लिहिली होती. स्वतःला मूल नव्हते, त्यामुळे लेखनात खंड पडला नाही. पुण्यातील एका प्रतिष्ठानाने त्या वर्षी एकशे चाळीस अंगणवाड्यांत प्रकट वाचनाचा प्रकल्प काढला होता. प्रतिष्ठानाचे नाव मी घेणार नाही. घेतले तर आपली दखल घेतली गेली याचा त्यांना आनंद होईल. प्रकल्पामागचा सिद्धान्त निर्दोष होता: ज्या मुलांना रोज कोणीतरी पुस्तक वाचून दाखवते त्यांचा शब्दसंग्रह वाढतो, वाक्ये लांबतात, विचार बांधला जातो. निर्दोष म्हणते, कारण हे वाक्य माझेच होते. प्रकल्पाच्या माहितीपत्रकावर ते माझ्या छायाचित्राखाली छापलेले होते.

प्रकल्पाची बाह्य मूल्यमापक म्हणून तक्ताही मीच तयार केला होता. शंभर गुणांपासून आरंभ करायचा आणि दोषागणिक एकेक गुण वजा करत जायचे. वाचायचे राहिलेले प्रत्येक पान हा एक दोष. व्यत्यय हा दुसरा. व्यत्यय म्हणजे काय, हे तळटीपेत स्पष्ट केले होते: 'सेविकेचे वाचन सुरू असताना मुलाने काढलेला कोणताही उद्गार.' ही व्याख्या मी एका दुपारी केली. प्रकल्पाच्या संचालिका शाल्मली राजवाडे यांना मोजता येईल असे काहीतरी हवे होते. मुलाला कळले किती, हे मोजता येत नाही. ते बोलले किती वेळा, हे दारात उभे राहूनही मोजता येते.

चाळीसहून कमी गुण पडले तर पुस्तकपेटी काढून घेऊन ती अधिक लायक अंगणवाडीला द्यायची, हा नियम शाल्मलीचा. त्याखाली माझी सही लागत असे.

सकाळीच मी आणि शाल्मली करंजवाडीची आदर्श अंगणवाडी पाहून आलो होतो. तेथील सेविकेने चौदा मिनिटांत सोळा पाने वाचली, न अडखळता, एका पट्टीत. वीस मुले तोंडावर बोट ठेवून बसली होती. शाल्मलीने चित्रफीत काढून घेतली आणि माझ्या कानाशी येऊन ती पुटपुटली, "किती रमलीयत ना, मालतीताई!" एक मूल इतके रमले होते की झोपी गेले होते. मी अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन का कापले हे आता आठवत नाही. बहुधा कोणाला तरी शिंक आली असावी.

माळेवस्तीवर तेच पुस्तक होते. रोहन नावाचा मुलगा नदीत होडी सोडतो, ती वाहून जाते, पुढच्या गावातली एक मुलगी ती परत आणून देते. सोळा पाने. इंदुबाईंनी वाचायला घेऊन बावीस मिनिटे झाली होती आणि त्या तिसऱ्या पानावर होत्या.

"टँकर फुटला आसंल," बिरू म्हणाला.

"ह्यॅ!" हा आवाज मागच्या ओळीतून आला. मायाक्का, वय चार, नाकात चमकी, केस तेलाने चापून बसवलेले. "टँकर फुटल्यावं येवढं हुत न्हाई. आमच्या वस्तीम्होरं फुटला हुता. निस्ता चिखुल झाला. शेरडांनी पिला."

बाविसावी, तेविसावी.

"मग धरान फुटलं," बिरू म्हणाला.

"धरान फुटलं आस्तं तर ह्यो पोरगा हसत बसला आस्ता व्हय?" मायाक्का म्हणाली. "पळाला आस्ता."

सगळी मुले चित्रातल्या रोहनकडे बघायला पुढे सरकली. रोहन खरोखरच हसत होता. बिरूने बराच वेळ विचार केला.

"त्येला सांगितलंच नसंल कुनी."

"आन् त्येची आई?"

"आई कामाला गेलीया."

"मग बाई, तुमी सांगा त्येला. पळ म्हनावं!"

इंदुबाई हसल्या. एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "आगं, मी सांगून त्येला ऐकू जातंय व्हय? पुस्तकात हाय त्यो." मग पुस्तक मुलांकडे वळवून म्हणाल्या, "पान उलटू या का? बघू या पळतोय का न्हाई."

मी रेघा मारत होते. रकान्यात वीस रेघांची जागा होती. त्यापुढच्या मी समासात मारल्या, समास भरल्यावर कागदाच्या पाठीवर. अर्ध्या तासाने खिचडी शिजल्याचे भामाबाईंनी सांगितले तेव्हा गोष्ट सहाव्या पानावर पोहोचली होती आणि रेघा एकोणऐंशी झाल्या होत्या. दहा पाने शिल्लक. शंभरातून एकोणऐंशी गेले, दहा गेले. अकरा.

मुले जेवायला बसली. शाल्मली ओट्याखाली लिंबाच्या झाडाशी उभी राहून फोनला रेंज मिळते का पाहत होती. मी तिला आकडा सांगितला.

"अकरा?" तिला धक्का बसलेला स्पष्ट दिसत होता. "शंभरापैकी? अहो ताई, एवढं कमी अजून कोणालाच नाही पडलेलं. मुलांवर कंट्रोलच नाहीये बाईंचा. बाजार भरल्यासारखं चाललं होतं सगळं."

"वाचनात सलगता नाही," मी म्हणाले. मी नेहमीच जपून शब्द वापरते.

"मग पेटी घेऊ या आजच. जीपमध्ये जागा आहे. एका अंगणवाडीचा अर्ज आलेलाच आहे पेटीसाठी. तुम्ही सही करा, मी ड्रायव्हरला सांगते."

इंदुबाई ओट्यावर आमच्या मागेच उभ्या होत्या. हातात पाण्याचे दोन तांबे होते. ते त्यांनी सावकाश खाली ठेवले.

"पेटी न्हेनार?"

शाल्मलीने फोन कानाला लावला. रेंज नव्हतीच.

"म्याडम," इंदुबाई माझ्याकडे वळल्या. "माजं काय चुकलं आसंल तर मला बोला. पेटी नगा न्हिऊ. आवो, पोरं येत्यात ती त्या पेटीपायी. दारातनं आत आली की पयलं झाकान उघडत्यात, मग चपला काढत्यात. पेटी गेली तर ताटली घिऊन येतील, खातील आन् जातील. समदं मागल्यागत हुईल." त्यांनी दारातून आत पेटीकडे पाहिले. "माजी स्वताची साडी न्हेली आस्ती तर मी काय बोलले नस्ते."

त्यांच्या आवाजात याचना होती, पण लाचारी नव्हती. आणि मला, सांगायला हरकत नाही, त्यांची दया आली. या दयेविषयी मी आजवर कोणापाशी बोललेले नाही, कारण ज्याला ज्याला सांगितले असते तो मला चांगली म्हणाला असता.

"तालुक्याहून ही पेटी आणली कोणी?" मी विचारले.

"मीच. यस्टीच्या टपावर घातली, फाट्यापास्नं डोक्यावर. दीड कोस हाय फाटा."

नियमात एक सोय होती. एका भेटीत दोन निरीक्षणे घेता येत. हे कलमही माझेच. मी शाल्मलीला म्हणाले, "एकदा पुन्हा वाचायला लावू. मी त्यांच्याशी दहा मिनिटे बोलते."

"तुम्ही फार मऊ आहात, ताई," शाल्मली म्हणाली.

आम्ही दोघी खोलीच्या मागे, डाळिंबाच्या बागेच्या कुंपणाशी गेलो. मी पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिले.

"हे बघा इंदुबाई. पुस्तक असं धरायचं. मुलांकडे बघायचं नाही, ओळीकडे बघायचं. ओळीखालून बोट फिरवायचं. लिहिलंय तेवढंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही."

"आन् मदीच कुनी बोललं तर?"

"थांबायचं नाही."

"इचारलं तर?"

"उत्तर द्यायचं नाही."

"मग त्ये परत इचारंल की."

"विचारेल. दुसऱ्यांदा विचारेल," मी म्हणाले. "तिसऱ्यांदा नाही विचारणार."

हे मी शास्त्र म्हणून सांगितले. शास्त्र म्हणून ते बरोबरच होते.

इंदुबाईंनी पुस्तकाकडे पाहिले. ओठ हलवत एक पान वाचून पाहिले. मग जरा संकोचून म्हणाल्या, "म्याडम, मी धावी नापास हाय. आसं सरळ वाचायचं मला कुनी शिकवलंच न्हाई. मला वाटलं, पोरांसंगं बोलत बोलत वाचायचं आस्तं."

"होईल सवय," मी म्हणाले.

मुलांना पुन्हा बसवले. भामाबाईंनी काठी दाखवली. मारण्यासाठी नव्हे, नुसती दाखवली. सतरा बोटे सतरा ओठांवर गेली. इंदुबाईंनी पुस्तक धरले आणि त्या वाचू लागल्या, शाळेत धडा म्हणतात तशा, श्वास घेतील तेवढ्याच थांबत. तिसऱ्या पानावर मायाक्का म्हणाली, "बाई, पर त्येला पोहाया येतंय का?" इंदुबाईंची मान किंचित वर झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बोटाने ओळ दाखवली. त्या पुढे वाचू लागल्या.

पाचव्या पानावर मायाक्काने पुन्हा विचारले, या वेळी हळू. "बाई, पोहाया?"

सहाव्या पानावर, सातव्या, आठव्या पानावर ती काही बोलली नाही. मी म्हणाले होते तसेच.

पहिल्या दोन-तीन पानांवर बाकीच्या मुलांनी मिळून चौदा वेळा तोंड उघडले. शेवटच्या आठ पानांवर एकदाही नाही. होडी परत आली, मुलीने ती दिली, रोहन धन्यवाद म्हणाला. सोळा मिनिटे. शंभरातून सोळा व्यत्यय वजा: चौऱ्याऐंशी. इंदुबाईंच्या कपाळावर घाम होता, डोळ्यांत पाणी होते.

"ऱ्हायली पेटी?"

"राहिली."

त्यांनी भामाबाईंच्या खांद्यावर डोके टेकले. शाल्मलीने त्याचेही छायाचित्र काढले. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "बघा ताई, योग्य ट्रेनिंग मिळालं की काय होतं!" मी खिडकीबाहेर पाहत होते. माझ्या मनात परोपकाराची ऊब होती. तशी ऊब मला त्यानंतर कधी लाभली नाही, आणि लाभू नये अशी मी व्यवस्था केली आहे.

पुढच्या आठवड्यात पुण्याला मी ध्वनिफिती ऐकायला घेतल्या. हा कामाचा नीरस भाग. प्रत्येक अंगणवाडीत वाचनाआधी मी मुलांना एकेकटे बसवून आठवडी बाजाराचे एक चित्र दाखवत असे आणि 'यात काय दिसतं, सांग बरं' एवढेच विचारून बोलणे ध्वनिमुद्रित करून घेत असे. भाषाविकासाची चाचणी ती हीच. तक्ता सेविकेसाठी, चाचणी मुलांसाठी.

आधी आदर्श करंजवाडी लावली. "गाय." "मानूस." "झाड." "गाय." वीस मुलांच्या ध्वनिफिती संपायला अकरा मिनिटे लागली.

मग माळेवस्ती. एकट्या बिरूला अकरा मिनिटे लागली होती. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराने जागा भरायला काढलेली एक शेळी होती. "ही इकाया आनल्याली न्हाई," बिरू सांगत होता. "हिचं प्वाट बघा की. गाभन हाय ती. गाभनी शेळी आमचा आजा इकत न्हाई. मग ही कशाला आलीया? घरी कुनी न्हाई म्हनून आलीया. एकटी सोडली तर कुत्री येत्यात." मायाक्काने तर मलाच प्रश्न विचारले होते. चित्रात ऊन आहे, तर सावल्या कुठे गेल्या? मी त्यावर 'हं' म्हटल्याचे फितीत ऐकू येते.

अट, कारण, अनुमान, प्रतिवाद. न पाहिलेल्या गोष्टीविषयी पाहिलेल्या गोष्टीच्या आधाराने बोलणे. ज्या क्षमतांवर मी दोन पुस्तके लिहिली होती त्या सगळ्या त्या पत्र्याच्या खोलीत नांदत होत्या. मी खुर्चीवर बसून त्या मोजल्या होत्या, एकोणऐंशी भरल्या होत्या, आणि वजा केल्या होत्या. सगळ्या ध्वनिफिती ऐकून झाल्या तेव्हा दिसले की एकशे चाळीस अंगणवाड्यांत चाचणीत पहिली आलेली अंगणवाडी पहिल्या निरीक्षणाच्या तक्त्यात शेवटची होती. यादी उलटी धरली असती तर बरोबर वाचता आली असती.

मी शाल्मलीला फोन केला.

"व्यत्ययाचा रकाना चुकला आहे," मी म्हणाले. "तो उणे नाही, अधिक असायला हवा."

"म्हणजे मुलं जितकी गोंधळ घालतील तितके जास्त मार्क्स?"

"बोलतील तितके."

"ताई, बारा हजार फॉर्म छापून झालेत," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली. "शिवाय देणगीदारांना करंजवाडीची फिल्म इतकी आवडलीय! एवढी छोटी मुलं आणि एवढी शांत! माळेवस्तीचं म्हणाल तर तिथं आधीपासूनच हुशार मुलं असतील. पुढच्या छपाईत बघू या ना."

इंदुबाईंना पत्र लिहावे असे मला वाटले. पूर्वीसारखेच वाचा, एवढे एकच वाक्य पुरले असते. वाटणे हा आमच्या क्षेत्रातील प्रतिष्ठित व्यवसाय आहे. तेवढ्यात एका परिषदेचे बोलावणे आले, आणि 'मूल्यमापन-साधनांची अंतर्गत विसंगती' या विषयावर मी निबंध वाचला. निबंध वाखाणला गेला. वाचताना मध्ये कोणीही बोलले नाही.

माळेवस्तीला मी गेले ती वर्षाने, दुसऱ्या फेरीच्या मूल्यमापनाला. पत्र्याच्या खोलीला गुलाबी रंग दिलेला होता. दाराशी पाटी होती: 'आदर्श वाचन केंद्र'. इंदुबाई इस्त्रीच्या साडीत ओट्यावर उभ्या होत्या. मला पाहताच त्या धावत खाली आल्या.

"म्याडम! कवापास्नं वाट बघतोय! आवो, तालुक्यात पयला लंबर आलाय आमचा. दुसऱ्या गावच्या बाया बघाया येत्यात, मी कशी वाचती त्ये."

त्या वाचू लागल्या. नवे पुस्तक होते, वीस पानांचे. मुले तीन ओळींत बसली होती. बिरू पहिलीत गेला होता. मायाक्का पुढच्या ओळीत होती, उंची वाढलेली, पाठ ताठ. तेरा मिनिटांत पुस्तक संपले. माझ्या तक्त्यावर एकही रेघ नव्हती. काठीही कुठे दिसली नाही. तिची गरज उरली नव्हती.

चाचणी या वेळी वाचनानंतर ठेवली होती. मी मायाक्काला बाहेर ओट्यावर घेऊन बसले आणि बाजाराचे चित्र तिच्यापुढे धरले.

"यात काय दिसतं, सांग बरं."

"शेळी."

"बरं. आणि?"

"बाई."

"ती बाई काय करते?"

मायाक्काने चित्राकडे पाहिले, मग दाराकडे, मग पुन्हा चित्राकडे. बरोबर उत्तर कोणते हे ती शोधत होती. वर्षापूर्वी ती चुकीची उत्तरे शोधायची, आणि दुसऱ्याची.

"बसलीया," ती म्हणाली, आणि मी चित्र बाजूला घेण्याची वाट पाहू लागली.

त्या दिवशी चौदा मुलांची चाचणी नऊ मिनिटांत संपली.

भामाबाईंनी चहा आणला. इंदुबाई माझ्याजवळ ओट्याच्या कडेवर टेकल्या.

"आता कसं वाटतंय, म्याडम? कुनी मदी बोलत न्हाई. घरीबी गप ऱ्हात्यात. आया लई खूश हायत्या."

"आणि तुम्ही?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "खरं सांगू? पयलं पयलं मला करमायचं न्हाई. वाचताना वाटायचं, खोलीत कुनी हाय का न्हाई. मग झाली सवय."

"इंदुबाई," मी म्हणाले, "माझं चुकलं होतं. तुम्ही आधी वाचत होतात तेच बरोबर होतं. मुलं मध्ये बोलायची, तुम्ही थांबायचात, ते. तसंच वाचा पुन्हा."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग त्यांना उमजले की ही मोठ्या माणसाची विनयाची रीत आहे, आणि त्या मोकळेपणाने हसल्या.

"थट्टा करताय व्हय गरिबाची? आवो, तवा मला वाचाया येत हुतं कुठं! येका वळीवर अर्धा तास. तुमी त्या दिशी कुपाटीम्होरं हुबं करून शिकवलंत म्हनून आज चार बाया मला इचारत्यात. न्हाईतर मी धावी नापास ती नापासच ऱ्हायले आस्ते."

"मी खरंच सांगते आहे."

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "शिकल्यालं परत इसरता येत न्हाई, म्याडम."

जीपपर्यंत त्या सोडायला आल्या. मागे मुले ओट्यावर ओळीत उभी होती. ड्रायव्हरने दार उघडले तशा इंदुबाई वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला. वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या होत्या.

मी पाय मागे घेतले नाहीत.